‘बेटे को भेज दीजिए’ : आर. के. पुरममधील ज्येष्ठांचे मागणीपत्र

प्रति,
केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय, दिल्ली सरकार, तसेच आमच्या भागातील बँका, दवाखाने आणि रहिवासी संघ

महोदय,

खिडकीशी आम्ही उभे असतो. कागद आमचे, सही आमची. पलीकडून उत्तर येते, “अंकलजी, बेटे को भेज दीजिए.” स्वर इतका गोड असतो की तक्रार नेमकी कशाची करायची, हेच आम्हाला बरीच वर्षे उमगले नाही.

ही वसाहत सरकारी नोकरांची. नोकरी आहे तोवर क्वार्टर. ज्याच्या सहीवाचून फाइल हलत नसे, तो निवृत्तीनंतर मुलाच्या किंवा सुनेच्या क्वार्टरमध्ये ‘आश्रित’ होतो. शब्द सरकारी आहे, पण घरीदारी तोच चिकटतो. आमच्या मंडळाच्या एक सभासद बाई तपासणीला गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी मुलाला विचारले, “यांना भूक लागते का?” बाई म्हणाल्या, “मला विचारा, मी ऐकतेय.” त्यावर सगळे हसले. दुखण्याचे निदान मात्र ‘वयोमानानुसार’ एवढेच झाले.

राज्यघटनेचे १५ वे कलम धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला राज्याला मनाई करते. त्यात वय नाही. ४१ व्या कलमात वार्धक्य येते ते साहाय्याचा विषय म्हणून, तेही राज्याच्या आर्थिक कुवतीपुरते. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुलांकडून निर्वाह मिळवून देतो, रुग्णालयात वेगळी रांग ठेवायला सांगतो. रांगेच्या टोकाशी बसलेला माणूस आमच्याशी बोलतो की मुलाशी, याला त्यात उत्तर नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी : केवळ वयाकडे पाहून सेवा, कर्ज, भाड्याचे घर किंवा उपचार नाकारणे हा भेदभाव मानणारा कायदा करावा. हे अशक्य नाही. नवा आरोग्य विमा घेण्यावरची ६५ वर्षांची मर्यादा विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून काढलीच. दार उघडले, आता हप्ता उंबरठ्यात आडवा बसला आहे, तोही हलवावा.

दुसरे, ओटीपी किंवा ॲप येत नाही म्हणून कोणालाही परत पाठवू नये. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. चेहरा दाखवून हयातीचा दाखला मिळतो, ही सोय चांगलीच. पण कागदी वाटही उघडी राहिली पाहिजे.

तिसरी मागणी आमच्यासाठी नाही. १७ डिसेंबर १९८२ च्या नाकरा निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने निवृत्तिवेतन ही मेहरबानी नव्हे असे ठरवले. त्या निकालाच्या सावलीत आम्ही बरे जगतो. महागाई भत्ता वाढला की आमचे निवृत्तिवेतनही वाढते. पण आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंना साठीनंतर नवे काम कोणी देत नाही. (आम्हीही देत नाही, हे इथेच लिहून ठेवतो.) केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे (ईपीएस-९५) किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून १००० रुपयांवरच आहे. ते वाढावे म्हणून त्या योजनेतल्या निवृत्तांची बुलढाण्याची मंडळी दिल्लीच्या वाऱ्या करून थकली. या दोन्ही रकमा वाढवून आमच्यासारख्याच महागाईशी जोडाव्यात.

रहिवासी संघांनी बैठका रात्री नऊला न ठेवता संध्याकाळी ठेवाव्यात. एवढे तर मंत्रालयाला न विचारता करता येईल.

दुसऱ्यांना सांगताना आमचा दोष लपवणे बरे नव्हे. ऐंशी ओलांडलेल्यांना कार्यकारिणीत घ्यायचे नाही, असा नियम आमच्याच मंडळाने ‘त्यांना दगदग नको’ म्हणून केला होता. त्यांना विचारले कोणीच नव्हते. हे मागणीपत्र मंजूर करण्याआधी आम्ही तो नियम रद्द केला. कोषाध्यक्षपदासाठी आता ८३ वर्षांच्या एक बाई उभ्या आहेत.

उत्तर लेखी, ठसठशीत अक्षरांत आणि मंडळाच्या नावानेच पाठवावे.

आपले,
कार्यकारिणी व सभासद,
मराठी ज्येष्ठ नागरिक मंडळ, आर. के. पुरम, नवी दिल्ली