शस्त्र कोणाच्या हाती, कोणाच्या आज्ञेने?

१४ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे ट्रम्प प्रशासनाच्या निषेधार्थ एक मोठा मोर्चा निघाला होता. मोर्चाच्या सुव्यवस्थेसाठी आयोजकांनी स्वयंसेवक नेमले होते. त्यांपैकी एकाला गर्दीच्या कडेला रायफल घेतलेला एक इसम दिसला. हा आता गोळीबार करणार, असा ग्रह होऊन त्या स्वयंसेवकाने स्वतःजवळच्या पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या. एक त्या रायफलधाऱ्याला लागली. दुसरी गोळी मोर्चात चालणाऱ्या एका निरपराध माणसाचा बळी घेऊन गेली. रायफलधाऱ्याने मात्र एकही गोळी झाडली नव्हती, असे तपासात दिसून आले. युटामध्ये उघडपणे शस्त्र बाळगणे हा गुन्हा नाही. त्यामुळे अटक झालेला तो इसम काही दिवसांतच आरोपपत्राविना बाहेर आला. सुरक्षेचे स्वयंसेवक निःशस्त्र असणे अपेक्षित होते, असे सांगत देशव्यापी चळवळीने युटातील आपल्या शाखेशी संबंध तोडले. मृत माणसाच्या कुटुंबाला त्याचा काय उपयोग?

हा मोर्चा कोणत्या विचारांचा होता, हा येथे मुद्दा नाही. सेवेच्या भावनेने एकत्र आलेल्या, वेतन न घेणाऱ्या माणसांच्या संघटनेत शस्त्राचे स्थान काय असावे, ते कोणी बाळगावे, आणि याचा निर्णय कोणी करावा, हा मुद्दा आहे. संघटनेने तो निर्णय वेळेवर केला नाही, तर ऐन प्रसंगी एकटा स्वयंसेवक तो करतो आणि परिणाम सर्वांना भोगावे लागतात.

अमेरिकेतील घटनेची चर्चा मराठी वाचकाने का करावी, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्याच घरात आहे. आज महाराष्ट्रातील असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुलगा, मुलगी, भाऊ वा भाचा अमेरिकेत आहे. तेथील महाराष्ट्र मंडळे, गणेशोत्सव, मराठी शाळा, मंदिरे आणि सेवाकार्ये स्वयंसेवकांच्याच बळावर चालतात. ज्या महिन्यात सॉल्ट लेक सिटीत हा प्रकार घडला, त्याच महिन्यात त्याच राज्यातील स्पॅनिश फोर्क या गावी, होळीच्या उत्सवासाठी दूरवर प्रसिद्ध असलेल्या इस्कॉनच्या राधाकृष्ण मंदिरावर गोळ्या झाडल्या गेल्या. सॅन फ्रान्सिस्को येथील भारतीय महावाणिज्य दूतावासाने त्याचा निषेध नोंदविला. त्याआधी २०२३ आणि २०२४ या वर्षांत कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क या राज्यांतील स्वामीनारायण मंदिरांच्या आवारात विद्वेषी मजकूर रंगविण्याचे प्रकार झाले होते. आणि ५ ऑगस्ट २०१२ हा दिवस तर कोणीच विसरू शकणार नाही. विस्कॉन्सिनमधील ओक क्रीक येथील गुरुद्वारात वर्णविद्वेषाने पछाडलेल्या एका माजी सैनिकाने सहा जणांचे प्राण घेतले. त्या दिवशी जायबंदी झालेल्या सातव्या भाविकाने २०२० मध्ये अखेरचा श्वास घेतला. गुरुद्वाराचे वयोवृद्ध अध्यक्ष हाती लागलेल्या सुऱ्यानिशी त्या बंदूकधाऱ्यावर धावून गेले आणि त्यांनी देह ठेवला. तेव्हा भय काल्पनिक आहे, असे कोणी म्हणू नये. आपल्या माणसांनी आपल्या श्रद्धास्थानांचे रक्षण करण्याचा विचार करणे, यात गैर काहीच नाही.

परंतु रक्षणाचा विचार म्हणजे ज्याने त्याने कमरेला पिस्तूल लावून मंदिरात येणे नव्हे. हा भेद समजून घेण्यासाठी तेथील कायद्याची रचना पाहावी लागेल.

शस्त्र बाळगण्याचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीने दिला आहे. घराबाहेरही स्वसंरक्षणार्थ शस्त्र नेण्याचा अधिकार यात येतो, असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये दिला. तथापि घटनेचा हा अंकुश सरकारवर आहे. खासगी जागेच्या मालकावर नाही. मंदिराचे विश्वस्त, मंडळाची कार्यकारिणी वा सेवासंस्थेचे चालक आपल्या वास्तूत शस्त्राला मनाई करू शकतात. टेक्सासचे उदाहरण पाहा. तेथे १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला होल्स्टरमधील पिस्तूल उघडपणे बाळगता येऊ लागले. १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरील पात्र नागरिकाला त्यासाठी परवान्याचीही गरज उरली नाही. प्रार्थनास्थळांनाही, त्यांनी स्वतः मनाई केली नसेल तर, हा नियम लागू होतो, हे २०१९ च्या कायद्याने स्पष्ट केले. परवानाधारकाला मनाई करावयाची तर फलक लावावा लागतो, आणि तोही कसा? इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, उठून दिसणाऱ्या रंगांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत. लपविलेल्या शस्त्रासाठी एक कलम आणि उघड शस्त्रासाठी दुसरे, म्हणून फलकही दोन.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्या मंदिराच्या विश्वस्तांनी या विषयावर एकही बैठक घेतली नाही, त्यांनीही निर्णय दिलेलाच आहे. त्यांच्या मौनाचा अर्थ कायदा ‘होय’ असा लावतो. ‘आपल्याकडे असे काही होत नाही’ या समजुतीवर विसंबलेल्या किती कार्यकारिणींना आपण हे ‘होय’ म्हणून बसलो आहोत याची जाणीव असेल?

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २९ डिसेंबर २०१९ रोजी टेक्सासमधील व्हाइट सेटलमेंट या गावच्या चर्चमध्ये भर प्रार्थनेत एकाने बंदूक काढून दोघांना ठार केले. अवघ्या सहा सेकंदांत चर्चच्या सुरक्षापथकातील एका स्वयंसेवकाने त्याला टिपले. तो नसता तर मृतांचा आकडा किती झाला असता, याची कल्पनाच केलेली बरी. दोनच वर्षांपूर्वी, ५ नोव्हेंबर २०१७ रोजी, त्याच राज्यातील सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये आत कोणी प्रतिकार करणारे नव्हते आणि सव्वीस जीव गेले. अशा घटना पाहिल्यावर, ‘शस्त्रानेच शस्त्र थांबते’ असे म्हणणाऱ्यांना हसण्यावारी नेणे हा दांभिकपणा ठरेल. सुरक्षित वस्तीत बसून अहिंसेची प्रवचने झोडणाऱ्यांनी ओक क्रीकच्या लंगरघरात लपलेल्या महिलांची अवस्था मनात आणून पाहावी.

पण व्हाइट सेटलमेंटचा धडा नीट वाचावयास हवा. तेथे आपापली हत्यारे घेऊन आलेले हौशी लोक नव्हते. निवडलेले, सराव केलेले, एकमेकांना ओळखणारे पथक होते. वेषांतर करून आलेला तो इसम आत आल्यापासूनच पथकाच्या नजरेत भरला होता. तरीही जे दोघे गेले, त्यांत पथकातीलच एक जण होता. एवढी तयारी असूनही ही किंमत मोजावी लागते. तयारी नसेल तर काय होते, ते सॉल्ट लेक सिटीने दाखविले.

उघड शस्त्राची अडचण तर आणखी निराळी आहे. शस्त्र दिसले की दुर्जन कचरेल, हा त्यामागचा युक्तिवाद. प्रत्यक्षात ठरवून आलेला मारेकरी शस्त्र दिसणाऱ्यालाच प्रथम लक्ष्य करू शकतो, आणि मदतीला धावून आलेल्या पोलिसाला मित्र व शत्रू यांतील फरक कळत नाही. ७ जुलै २०१६ रोजी डॅलसमध्ये मोर्चाच्या वेळी एका माथेफिरूने पाच पोलीस अधिकाऱ्यांची हत्या केली. मोर्चात कायदेशीरपणे रायफली घेऊन आलेले अनेक जण होते. गोळीबार सुरू होताच ते धावू लागले आणि मारेकरी कोण, हेच पोलिसांना उमगेना. त्यांच्यापैकी एका निरपराध माणसाचे छायाचित्र संशयित म्हणून देशभर झळकले. या गोंधळाबद्दल शहराचे तत्कालीन पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन जाहीरपणे बोलले. टेक्सासच्या एखाद्या मंदिरात असा प्रसंग ओढवला आणि चार भाविकांच्या हाती पिस्तुले असली, तर बाहेरून येणारा पोलीस कोणावर नेम धरील?

सेवाकार्याला तर उघड शस्त्र मुळीच मानवत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने ह्यूस्टन बुडाले, तेव्हा सेवा इंटरनॅशनलचे कार्यकर्ते अन्न, औषधे आणि धीर घेऊन पूरग्रस्तांकडे गेले. घर गमावलेल्या अनोळखी कुटुंबाच्या दारात शिधा घेऊन उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकाच्या कमरेला पिस्तूल दिसले, तर त्या घरातील लेकराला तो कोण वाटेल? रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती आपल्या वाहनांवर बंदुकीवर फुली मारलेले चिन्ह रंगवते, ते भित्रेपणामुळे नव्हे. युद्धभूमीवर निःशस्त्र विश्वास हेच तिचे चिलखत असते.

येथे कोणी म्हणेल, आपली परंपरा शस्त्रपूजकांची आहे. मग हा संकोच कशासाठी? संकोच मुळीच नाही. दसऱ्याला शस्त्राचे पूजन करणारा समाज शस्त्राला खेळणे मानत नाही, एवढेच सांगावयाचे आहे. पूजन म्हणजे शस्त्राला मर्यादेत, धर्माच्या व आज्ञेच्या अधीन ठेवण्याचा संस्कार. शिवछत्रपतींनी चिपळूण परिसरातील आपल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र मराठी वाचकाला परिचित आहे. रयतेच्या धान्याला वा भाजीपाल्याला हात लावू नये, ही ताकीद त्यात आहेच; पण पेटत्या दिव्याची वात उंदराने पळविली तर गवताच्या गंजी पेटतील आणि घोडी उपाशी मरतील, इथवर सावधगिरीचा विचार महाराजांनी केला होता. शत्रूइतकेच भय आपल्याच गोटातील निष्काळजीपणाचे असते, हे जाणणारे ते राज्यकर्ते होते. अधिकाराची भाषा बोलणारा एकटा बंदूकधारी आणि कर्तव्याची भाषा जाणणारा शिस्तबद्ध स्वयंसेवक यांत हाच भेद आहे. शाखेवर दंड चालवणाराही आज्ञेनेच तो उचलतो आणि आज्ञेनेच खाली ठेवतो.

मग अमेरिकेतील आपल्या संस्थांनी करावे काय? पहिली गोष्ट, या विषयाचे धोरण लेखी असावे आणि ते प्रत्येक स्वयंसेवकाला कामावर येण्यापूर्वी वाचावयास मिळावे. दुसरी, नेमलेल्या सुरक्षापथकाखेरीज कोणीही, उघड वा लपवून, शस्त्र आणू नये. राज्याच्या कायद्यानुसार तसे फलक लावावेत. तिसरी, पथक हवेच असेल तर त्याची निवड, प्रशिक्षण, विमा आणि स्थानिक पोलिसांना पूर्वसूचना या बाबी सभेच्या ठरावाने व्हाव्यात. १९९७ चा संघराज्यीय स्वयंसेवक संरक्षण कायदा साध्या चुकीसाठी स्वयंसेवकाला वैयक्तिक दायित्वातून सूट देतो. घोर निष्काळजीपणासाठी नाही, आणि संस्थेला तर तो संरक्षण देतच नाही. एका उतावीळ गोळीने तीस वर्षे पैसा पैसा जमवून उभारलेले मंदिर कर्जबाजारी होऊ शकते.

चौथी गोष्ट मराठी मंडळांनी विशेष लक्षात घ्यावी. शाळेचे सभागृह भाड्याने घेतले की तेथे शाळेचे निर्बंध लागू होतात. टेक्सासच्या कायद्यात साडेपाच इंचांहून लांब पाते शाळा व प्रार्थनास्थळे यांत निषिद्ध आहे. ऐतिहासिक प्रयोगासाठी वा समारंभासाठी सवलत आहे. तेव्हा शिवजयंतीच्या नाटकातील तलवारीची कल्पनाही शाळेच्या चालकांना आधी द्यावी. शीख बांधवांच्या कृपाणाला आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने मान दिला आहे. परदेशातील आपल्या धोरणातही तिचा आदरपूर्वक, वेगळा विचार व्हावा.

पाचवी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे, बहुतेक रक्षण शस्त्राविना होते. एकच प्रवेशद्वार उघडे ठेवणे, दारात हसतमुखाने पण सावध नजरेने स्वागत करणारे दोघे, कॅमेरे, आतून बंद होणारी दारे, मुलांच्या वर्गांसाठी बाहेर पडण्याचा ठरलेला मार्ग आणि वर्षातून दोनदा त्याचा सराव. ना-नफा संस्थांच्या सुरक्षेसाठी अमेरिकेचे संघराज्य सरकार अनुदान देत आले आहे. २०२३ या आर्थिक वर्षात त्यासाठी साडेतीस कोटी डॉलरची तरतूद होती. ज्यू समाजाच्या संस्थांनी या योजनेचा पद्धतशीर लाभ घेतला. आपल्या संस्थांनीही अर्ज करण्याचा आळस झटकावा.

महाराष्ट्रातील गणेशोत्सवात लाखोंची गर्दी आवरणारा मंडळाचा कार्यकर्ता शिट्टी आणि दोर एवढ्याच साधनांवर उभा असतो. त्याचे खरे बळ त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या कार्यकर्त्यात असते. सातासमुद्रापलीकडील आपल्या बांधवांसमोरची परिस्थिती निराळी आहे, धोकाही निराळा आहे. परंतु संघटनेचे सूत्र तेच आहे. रक्षणाची जबाबदारी समाजाची आहे, म्हणून तिचा निर्णयही समाजाने एकत्र बसून, विचारपूर्वक आणि लेखी घ्यावा. येत्या गणेशोत्सवाच्या तयारीसाठी पहिली बैठक बोलावली जाईल, तेव्हा प्रसादाच्या यादीआधी हा विषय पटलावर यावा.