स्टार्टरला कोण विचारतो?

मित्रांनो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं, चुकलंमाकलं सांभाळून घ्या!

हॉस्टेलच्या जुन्या विंगेत अजून चोकवाल्या ट्यूबा आहेत. ट्यूब लागल्यावर स्टार्टर काढून घेतला तरी ती जळतच राहते. शेजारच्या रूमचा स्टार्टर लांबवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. बोंब होते ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

माझा सेमिनारचा विषय होता फ्यूजनच्या प्रयोगात प्लाझ्मा सुरू करून देणारे पल्स्ड आयन सोर्स. "अख्खा रिअ‍ॅक्टर सोडून स्टार्टरवर काय बोलणार?" असं ऐकावं लागलं. वर्गही हसला. तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून आज लिहितेय.

1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत 'टू-एक्स-टू-बी' नावाचं यंत्र होतं. चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडायचा आणि तापवायचा. पण बाहेरून सोडलेले आयन हे क्षेत्र वळवून लावतं. म्हणून आयनांना आधी 20 हजार व्होल्टचा धक्का द्यायचा, मग गॅसमधून नेऊन न्यूट्रल करायचं. न्यूट्रल अणू सरळ आत शिरतो. मात्र आत काहीच नसेल तर तितकाच सरळ जाऊन पलीकडच्या भिंतीवर आदळतो! म्हणजे प्लाझ्मा तापवायला आधी थोडा प्लाझ्मा हवाच. दह्याला विरजण लागतं ना, तसंच.

हे विरजण घालायच्या प्लाझ्मा गन. ड्यूटेरियम मुरवलेल्या टायटॅनियम वॉशरांची चळत आणि त्यातून क्षणभराचा आर्क, बस्स. आयन सोर्ससुद्धा जेमतेम 10 मिलिसेकंद चालायचे. पण 1975 मध्ये या गनमधून वाहणाऱ्या कोमट प्लाझ्मानेच आतली अस्थिरताही शांत केली आणि आयनांचं तापमान 10 कोटी अंशांच्या घरात गेलं. आता बोला!

याच लिव्हरमोरमध्ये पुढे एमएफटीएफ-बी हे 37 कोटी डॉलरचं यंत्र उभं राहिलं. 1986 मध्ये ते पूर्ण झालं आणि पैसा आटल्यामुळे एकही प्लाझ्मा प्रयोग न होता लगेच बंद झालं. सगळं तयार, पण ट्यूब लागलीच नाही. यंत्र आणि लोखंडाचा ढीग यात फरक असतो तो फक्त सुरुवातीचा.

आपल्या लॅबच्या कपाटातही असे छोटे छोटे ढीग आहेत. चार आयसी जाळले तेव्हा कुठे पाचव्यांदा सर्किट चाललं, हे जर्नलमध्ये कुणी लिहीत नाही, कारण व्हायवात कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे, प्रोजेक्टमध्ये 'सुरू कसं केलं' याला निदान 10 मार्क वेगळे हवेत. सर, मॅडम, विचार व्हावा.

आणि आमच्या रूमचा स्टार्टर ज्यांनी नेलाय, त्यांनी कृपया परत आणून द्यावा. परवा सबमिशन आहे!

– एक विद्यार्थिनी, टी.ई. इलेक्ट्रिकल