कितें हाडलें?

शनिवारी पहाटे पणजीहून किंवा म्हापशाहून गाडी निघते. साखळी आणि केरी मागे टाकून ती चोर्ल्याचा घाट चढते आणि न्याहरीची वेळ टळण्यापूर्वी बेळगावात पोचते. दुपारी खडेबाजार आणि गणपत गल्ली, संध्याकाळी शहापुरातील साड्यांची दुकाने, मधल्या वेळांत दोन भोजने आणि तीन उपाहार, रात्री हॉटेलातील खोली. रविवारी राहिलेली खरेदी उरकावयाची, कुंद्याचे डबे बांधून घ्यावयाचे आणि दिवेलागणीच्या सुमारास घाट उतरावयाचा. सोमवारी कचेरीत, देवळाच्या सभामंडपात आणि शेजाऱ्याच्या सोप्यावर एकच प्रश्न कानी पडतो: ‘‘कितें हाडलें?’’ काय आणले, केवढ्याला आणले, पणजीपेक्षा किती स्वस्त पडले, याची चर्चा आठवडाभर पुरते. बेळगावात कोण भेटले, हे मात्र कोणी विचारीत नाही. आणि विचारले तर बहुतेकांस सांगण्याजोगे उत्तर नसते.

आमची फिर्याद ह्या एका प्रश्नाविरुद्ध आहे. ती दाखल करण्यापूर्वी, आमच्याच बाजूने उभे राहू पाहणाऱ्या काही साक्षीदारांस आम्ही नम्रपणे परत पाठवू इच्छितो. ते आमच्या देवस्थानांतील वडीलधारे होत. बाहेर खाणे हा भ्रष्टाचार, बाजारात हिंडणे ही चैन, आणि दोन दिवसांची सहल हे परक्यांचे अनुकरण, असे ते दर उत्सवाच्या वेळी सांगत असतात. त्यांस आम्ही एवढेच विचारतो की, आपल्या लहानपणी जत्रेला आपण काय करीत होता? देवदर्शन तर झालेच. पण खाज्याचा पुडा, बांगड्यांचे दुकान, पितळेची भांडी आणि रात्रीचे नाटक यांवाचून एक तरी जत्रा पार पडली काय? देवळाच्या प्राकाराबाहेर बाजार भरतच आला आहे आणि त्याने देवाचा कोप झाल्याचे कोणी ऐकले नाही. खाणे आणि विकत घेणे ही माणसाची निर्दोष सुखे आहेत. आठवडाभर राबणाऱ्या गृहस्थाने व त्याहून अधिक राबणाऱ्या गृहिणीने एक दिवस दुसऱ्याच्या हातचे ऊन ऊन जेवावे, यात पाप शोधणाऱ्याने आधी स्वतःच्या घरची चूल पेटवून पाहावी.

तेव्हा आमचा आक्षेप खाण्यावर नाही, खरेदीवरही नाही. जत्रेत खाजे होते. पण जत्रेत माणसेही होती. वर्षभर न दिसलेला मामा तेथे दिसे, सोयरीक तेथे जुळे, भाऊबंदांचे भांडण तेथे मिटे किंवा निदान नव्याने पेटे. अग्रशाळेत शेजारी पथारी टाकणारे कुटुंब कारवारचे की बेळगावचे, हे पहिल्या रात्रीच कळे. आजच्या शनिवार-रविवारच्या सहलीत बाजार तेवढा उरला आहे आणि माणसे गळून पडली आहेत. नारळाचे पाणी सांडून करवंटी घरी नेण्याचाच हा प्रकार होय.

बेळगाव हे आम्हां गोवेकरांस नुसते स्वस्त साड्यांचे गाव आहे काय? १९५५ साली भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केली. त्या वर्षी व त्यानंतरच्या वर्षांत सीमा ओलांडून आलेल्या कितीतरी गोमंतकीयांस ह्याच शहराने आसरा दिला. गोव्याच्या सीमेलगतच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी मुक्तीचे गुप्त आकाशवाणी केंद्र चालविले, ते १९५५ पासून १९६१ पर्यंत. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मुक्तीसाठी जे सैन्य निघाले, त्याची मोठी जमवाजमव बेळगावासच झाली होती. त्याही आधी, १९२४ च्या डिसेंबरात, ह्याच बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि गांधीजींनी आपल्या आयुष्यातील एकमेव अध्यक्षपद तेथे भूषविले. त्या अधिवेशनासाठी खोदलेली विहीर अजून आहे. खरेदीच्या पिशव्या गाडीत टाकून ती पाहावयास जाण्याचे आमच्यापैकी किती जणांस सुचले असेल?

ह्याच गावी इंदिरा संत राहिल्या, शिकवीत राहिल्या, लिहीत राहिल्या. त्यांच्या १९५१ च्या संग्रहाचे नाव ‘शेला’ आणि १९८४ साली ज्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला त्याचे नाव ‘गर्भरेशीम’. वस्त्रांचीच नावे! पण शहापुरात रेशमाचा पोत बोटांनी चाचपून पाहणाऱ्या आमच्या भगिनींना हे रेशीम कोणी दाखवीत नाही. आणि त्यांच्यासोबत गेलेले आमचे बंधू तर दुकानाबाहेर उभे राहून घड्याळ पाहत असतात. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय त्या बाजारापासून दूर नाही. उभे राहावयाचेच, तर तेथे जाऊन उभे राहण्यास कोणाची मनाई आहे?

आता आमची स्वतःची साक्ष. फिर्यादीने स्वतः पिंजऱ्यात उभे राहू नये, असा काही कायदा नाही.

आमचे आजोबा १९५५ साली गोवा सोडून बेळगावास आले आणि मुक्तीपर्यंतची सहा वर्षे शहापुरातील एका घरी राहिले. ते घर ना नात्याचे, ना भाड्याचे. त्या घरी त्या काळात जी नवी सून आली, तिला आमचे वडील काकी म्हणत आणि आम्ही आजी म्हणत असू. पुढे साठ वर्षे दोन्ही घरांची देवघेव चालली. इकडून नारळ, सोले आणि मोसमात मानकुराद आंब्यांची करंडी जाई; तिकडून गूळ, ब्याडगीच्या मिरच्या आणि लग्नकार्यात मांडे येत. ह्या देवघेवीचा हिशेब कोणी ठेवला नाही. ठेवला असता, तर ती देवघेव तेथेच थांबली असती.

गेल्या वर्षी आमच्या घरी कार्य निघाले. त्यानिमित्त आम्ही तीनदा बेळगावास गेलो. तिन्ही वेळा शहापुरातच खरेदी केली, तिन्ही वेळा हॉटेलात उतरलो आणि तिन्ही वेळा, ‘‘आता उशीर झाला, पुढच्या खेपेस आजींकडे जाऊ,’’ असे म्हणून गाडीत बसलो. चौथ्या खेपेस गेलो, ते त्यांच्या दहाव्यास. निघताना त्यांच्या सूनबाई उंबऱ्यापर्यंत आल्या आणि काही तक्रार नसल्याच्या स्वरात म्हणाल्या, ‘‘तुम्ही येऊन गेल्याचे आईंना कळले होते. साडीच्या दुकानात कोणीतरी तुम्हांला पाहिले होते. त्यांनी दोन दिवस दार उघडे ठेवायला सांगितले होते.’’

न्यायालयात आम्ही वीस वर्षे बोलत आलो आहो. त्या उंबऱ्यावर आम्हांस एक शब्दही सुचला नाही.

वकिली पेशामुळे आम्हांस भारतीय करार कायद्याचे पंचविसावे कलम त्या रात्री घाटात आठवत राहिले. १८७२ सालचा हा कायदा सांगतो की, मोबदल्यावाचून केलेला करार रद्दबातल होय. पण त्या रुक्ष कायद्यासही एक अपवाद करावा लागला: निकटच्या आप्तांनी एकमेकांवरील स्वाभाविक प्रेमापोटी केलेला, लेखी आणि नोंदविलेला करार मोबदल्यावाचूनही टिकतो. इंग्रजांच्या कायद्यानेही जी जागा प्रेमासाठी राखून ठेवली, ती आम्ही आपल्या हाताने बुजवीत आहो. आमची आणि बेळगावची देवघेव मोबदल्यावाचून चालत आली होती; आता मोबदला मोजल्याखेरीज आम्ही तेथील कोणाशी दोन शब्द बोलत नाही. मोबाईल पुढे करून पैसे चुकते केले की संबंध संपला. पावती मिळते, ओळख मिळत नाही.

ह्यावर प्रतिवादी काय म्हणतील, हे आम्ही जाणतो. पहिला बचाव असा की, आजकाल घरे लहान झाली, घरोघरी नोकरीची माणसे, तेथे पाहुणे होऊन जाणे म्हणजे जाच. बचाव रास्त आहे; म्हणून खुशाल हॉटेलात उतरा, खुशाल बाहेर जेवा. पण जाच पाहुण्याच्या अंथरुणाचा असतो, त्याच्या अर्ध्या तासाच्या भेटीचा नसतो. आधी दूरध्वनी करून, नारळ हाती घेऊन गेलेल्या माणसाने एक पेला चहा घेतला, म्हणून कोणाचा संसार मोडत नाही. दुसरा बचाव असा की, आमच्या खरेदीने तेथील व्यापाऱ्यांची पोटे चालतात. तेही खरे, आणि व्यापाऱ्याचा धंदा आम्ही हलका लेखीत नाही. पण जुन्या पिढीच्या गिऱ्हाइकास दुकानदाराच्या मुलींची नावे ठाऊक असत आणि दुकानदारास गिऱ्हाइकाच्या घरची कार्ये. आमच्या पिढीस दुकानाचा पत्ता ठाऊक आहे आणि सवलतीची तारीख. तिसरा बचाव सर्वांत प्रामाणिक आहे: ‘‘आमचे आता तेथे कोणी उरलेच नाही.’’ गृहस्थहो, कोणी उरले नाही की आपण शोधले नाही, हे आधी ठरवा. आपल्याच कुलदेवतेची कुळावी घरे बेळगावात किती, याची यादी देवस्थानाकडे मागून पाहा.

न्यायाच्या दृष्टीने दुसऱ्या पक्षाचे मापही त्याच तराजूने केले पाहिजे. बेळगावचे आमचे बांधवही शनिवारी घाट उतरतात. पूर्वी ते फोंडे महालात कुलदेवतेच्या पायांशी येत, अग्रशाळेत राहत, महाप्रसादाच्या पंगतीत आमच्या शेजारी बसत. आज मंगेशी, म्हार्दोळ, कवळे ही तीन देवळे एका सकाळी उरकतात, गाभाऱ्यापेक्षा दीपस्तंभापुढे छायाचित्रासाठी अधिक वेळ उभे राहतात, आणि दुपारनंतर पणजीचा बाजार, मांडवीचा काठ, रात्रीची मेजवानी. म्हणजे आम्ही वर जातो ते साडीसाठी, ते खाली येतात ते मासळीसाठी. दोन गाड्या चोर्ल्याच्या वळणावर एकमेकींस ओलांडतात, कर्णा वाजवितात आणि निघून जातात. दोन्हींत बसलेल्यांचे कुलदैवत एकच असण्याचा पुरेपूर संभव आहे.

यातील खरा तोटा कोणता, हे एकदा स्पष्ट सांगितले पाहिजे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले; १९६७ च्या जानेवारीतील जनमतकौलाने गोवा स्वतंत्र राहिला; १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी गोव्याची राजभाषा झाली व मराठीच्या वापरास त्यात जागा ठेवली गेली. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. मराठी आणि कोंकणी यांचे नाते बहिणींचे की मायलेकींचे, यावर आमच्या वडिलांनी आयुष्ये खर्ची घातली. ह्या सर्व वादांत ते एकमेकांशी भांडले. पण एकमेकांच्या घरी बसून भांडले. आम्ही भांडतही नाही. दुकानाच्या पायरीवर कोंकणी बोलणारा आणि मराठी बोलणारा दोघेही आता एकच भाषा बोलतात: ‘‘केवढ्याला?’’ राज्याच्या सीमा ठरविणे न्यायालयांच्या अधिकारात असेल. दोन घरांमधली वाट चालू ठेवणे किंवा बंद पाडणे, हे कोणत्याही न्यायालयाच्या अधिकारात नाही. ते फक्त आपल्या अधिकारात आहे, आणि ती आपण बंद पाडीत आणली आहे.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. सहली बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. त्या बंद होणारही नाहीत, आणि होऊही नयेत. पुढच्या खेपेस निघण्यापूर्वी यादीत साड्यांच्या वर एका घराचे नाव लिहा. दोन दिवसांतील एक तास त्या घरास द्या. मुलांना बरोबर न्या, कारण उंबऱ्याची ओळख पुस्तकातून होत नाही. आणि आमच्या देवस्थान समित्यांनी वर्षातील एक शनिवार-रविवार घाटावरच्या कुळाव्यांसाठी राखावा, अग्रशाळेच्या चार खोल्या त्यांच्यासाठी झाडून ठेवाव्यात व नावानिशी बोलावणे धाडावे. उत्सवाच्या रोषणाईवर जो खर्च होतो, त्याच्या मानाने हा खर्च नगण्य होय.

ह्या सोमवारी कोणी बेळगावहून परतलेले भेटले, तर वाचकांनी त्यांस ‘‘कितें हाडलें?’’ असे विचारण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि दुसरा प्रश्न विचारावा: ‘‘कोण मेळ्ळो?’’ प्रारंभी उत्तर मिळणार नाही. समोरचा ओशाळेल, विषय बदलील. तरी विचारीत राहावे. आम्हांस हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला असता, तर तिसऱ्या खेपेस तरी आम्ही गाडी वळविली असती. शहापुरातले ते दार दोन दिवस उघडे होते.