कथा राहिली पत्रात

नवोदितांच्या कथांचा एक गठ्ठा अलीकडे परीक्षणासाठी आमच्याकडे आला. त्यांतील एकीचा नायक समुद्रकाठच्या बंगल्यात पियानो वाजवतो. लेखक मात्र तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक बारनिशी सांभाळणारा कारकून! सोबतच्या पत्रात त्याने विलंबाबद्दल क्षमा मागितली होती. वारसनोंदीसाठी वर्षभर खेटे घालणारी एक म्हातारी दिवे लागेपर्यंत टेबलापाशी बसून राहिली, म्हणून टपाल चुकले. त्या चार ओळींत जो जीव होता, तो कथेच्या वीस पानांत नव्हता.

आपले रोजचे जगणे वाङ्मयाच्या योग्यतेचे नाही, हा न्यूनगंड आला कोठून? व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगरांच्या वस्तीत एक तरुण मास्तर रुजू होतो, एवढेच निमित्त. उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) एका कुटुंबाचे दारिद्र्य वऱ्हाडी बोलीसह उभे करते. पियानो दोहोंतही नाही.

तेव्हा होतकरू लेखकाने प्रथम आपले टेबल, आपला वर्ग पाहावा. संवाद मोठ्याने वाचावेत. जीभ अडखळली की तो संवाद पुस्तकी समजावा. पहिले पान झाकूनही कथा वाचून पाहावी. पुष्कळदा ती दुसऱ्या पानावरच सुरू झालेली असते. साहेब ओळखतील ही धास्ती खरीच, पण नावगाव बदलता येते.

त्या कारकुनाची कथा आम्ही साभार परत केली. पत्र मात्र ठेवून घेतले, आणि म्हातारीची नोंद झाली काय, असे त्यास विचारले आहे.