पुरस्काराचे आपल्याला काय?

२३ सप्टेंबर २०२५ ची संध्याकाळ. आमच्या माजरीच्या क्वार्टरात टीव्हीवर दिल्लीच्या विज्ञान भवनातला ७१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा समारंभ दाखवीत होते. आमचे थोरले बंधू पहिल्या पाळीहून येऊन, आंघोळ करून, भिंतीला पाठ टेकून बसले होते. खाणीतल्या माणसाने कितीही आंघोळ केली तरी पापणीच्या कडेला कोळशाची बारीक रेघ राहतेच. त्यांची लेक, म्हणजे आमची पुतणी, यंदा बारावीला. ती काही टीव्हीपुढून हलेना. शाहरुख खानला तेहतीस वर्षांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, आणि 'नाळ २' मधली एक चिमुकली मराठी पोर साडी नेसून राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घेऊन गेली होती. तेवढाच भाग पुन्हा पुन्हा दाखवीत होते.

"काहून एवढं पाहून रायली व? त्याले बक्षीस भेटलं त आपल्याले काय भेटलं?" बंधू म्हणाले.

"बाबा, तुमी क्रिकेट पाहता तवा कप आपल्या घरी येते का?"

आतून वहिनी हसल्या. बंधू आमच्याकडे वळले. "तू लिहितं ना पेपरात? मंग सांग, याचं आपल्याले काय?"

वाचकहो, या सदरात आम्ही सहसा घरातल्या, शाळेच्या, लग्नकार्याच्या गोष्टी लिहितो. परंतु हा प्रश्नही घरातलाच आहे. आपल्या माणसांइतके सिनेमावेडे कोण असेल? माजरीकरांना पूर्वी सिनेमा पाहायचा तर वरोरा, वणी नाहीतर चंद्रपूर गाठावे लागे. १४ एप्रिलच्या जयंतीला चंदा गोळा करून व्हिडिओ आणायचा, मैदानात टीव्ही उंच टेबलावर ठेवायचा आणि पहाटेपर्यंत तीन-तीन पिच्चर पाहायचे, हे आमच्या पिढीने केलेले आहे. त्या वेळी कोणत्या चित्रपटाला कोणता पुरस्कार मिळाला, याची विचारपूस कुणी केली नाही. मारामारी आहे का आणि गाणी किती, एवढेच व्हिडिओवाल्याला विचारले जाई.

तेव्हा बंधूंचे म्हणणे चुकीचे आहे, असे आम्ही एकदम म्हणणार नाही. चित्रपटाच्या पुरस्कारांत बाजार शिरलेला आहे, हे त्या धंद्यातलेच लोक सांगतात. ऋषी कपूर यांनी २०१७ साली आलेल्या आपल्या आत्मचरित्रात 'बॉबी' साठी मिळालेला पुरस्कार आपण पैसे देऊन मिळवला होता, अशी कबुली दिली आणि त्याची लाजही वाटते असे लिहिले. याच्या उलट प्राण यांची गोष्ट. १९७२ च्या चित्रपटांसाठी त्यांना 'बेईमान' मधल्या भूमिकेचा फिल्मफेअर पुरस्कार जाहीर झाला. त्यांनी तो घेतला नाही. कारण काय, तर संगीताचा पुरस्कार 'पाकीजा' च्या गुलाम मोहम्मद यांना न देता 'बेईमान' लाच दिला गेला. गुलाम मोहम्मद तोवर या जगात नव्हते. चित्रपट पडद्यावर येण्याआधी चार वर्षे, १९६८ मध्येच ते वारले. गेलेल्या माणसाच्या हक्कासाठी हातात आलेले बक्षीस परत करणारा पडद्यावरचा खलनायक! असा माणूस असला म्हणजे पुरस्कारालाही थोडी किंमत येते.

आणि ते समारंभ! पहिला ऑस्कर समारंभ १९२९ साली एका हॉटेलात जेवणाच्या पंगतीत झाला. बक्षिसे वाटायला पंधरा मिनिटे पुरली म्हणतात. आता तीन-साडेतीन तास लागतात. आपल्याकडच्या वाहिन्या तर असले कार्यक्रम कापून-जोडून कितीतरी दिवसांनी दाखवतात. निकाल आधीच पेपरात आलेला असतो, उरतात ती नाचगाणी आणि साबणाच्या जाहिराती. तो कार्यक्रम रात्री बारापर्यंत पाहून सकाळी शाळा बुडवण्यात काही अर्थ नाही, हे पुतणीलाही आम्ही बजावले.

परंतु एका समारंभाची गोष्ट आम्ही तिला सांगितली, ती येथेही सांगतो.

२९ फेब्रुवारी १९४०. अमेरिकेतले लॉस एंजेलिस शहर, अँबॅसडर हॉटेल. 'गॉन विथ द विंड' या चित्रपटातल्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनिएल या काळ्या अभिनेत्रीला साहाय्यक अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला. काळ्या माणसाला मिळालेला हा पहिलाच ऑस्कर. तिचे आईवडील गुलामीतून सुटलेले. त्या हॉटेलात काळ्यांना प्रवेशच नव्हता. निर्मात्याने खास रदबदली केली तेव्हा कुठे तिला आत घेतले. आत घेऊन बसवले कुठे? चित्रपटातले बाकीचे गोरे कलावंत एका टेबलावर, आणि हॅटी भिंतीकडेच्या एका वेगळ्या छोट्या टेबलावर. तेथून उठून ती मंचावर गेली, रडत रडत दोन शब्द बोलली, बक्षीस घेतले आणि परत त्याच वेगळ्या टेबलावर येऊन बसली.

वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगावे लागणार नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या सज्जनांना उगीच अर्पण केला नव्हता. हॅटीच्या वाट्याला पुढेही तेच आले. १९५२ साली ती वारली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे हॉलिवूडच्या स्मशानभूमीत तिला जागा मिळाली नाही. दुसऱ्या काळ्या स्त्रीला अभिनयाचा ऑस्कर मिळायला १९९१ साल उजाडले. हॅटीचे बक्षीस ज्या हॉवर्ड विद्यापीठाला दिले होते तेथून ते हरवले, आणि २०२३ मध्ये ऑस्करवाल्यांनी त्याच्या जागी दुसरे दिले. तिने सारखी मोलकरणीचीच कामे का करावी, अशी टीका तिच्याच समाजातून झाली होती, हेही खरे.

आता सांगा, त्या रात्री शिकागोच्या किंवा न्यूयॉर्कच्या एखाद्या काळ्या वस्तीतल्या बापाने "आपल्याला काय त्याचं?" असे म्हणावे का? म्हणू शकला असता. बक्षिसाने त्याच्या घरी भाकरी येणार नव्हती. परंतु ते वेगळे टेबल आज जगाला माहीत आहे ते तिला बक्षीस मिळाले म्हणून. न मिळालेल्या शेकडो जणी कुठे बसल्या, बसल्या की उभ्याच राहिल्या, कोण सांगणार?

आपल्याकडे या. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली सुरू झाले आणि पहिले सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई' ला मिळाले, हे शाळेतले पोरही सांगते. अत्र्यांच्याच 'महात्मा फुले' या चित्रपटाला पुढच्या वर्षी मराठीतले रौप्यपदक मिळाले, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याचा मुहूर्त १९५४ च्या जानेवारीत खुद्द बाबासाहेबांच्या हस्ते झाला होता. 'श्यामची आई' आम्हाला शाळेत दाखवला. 'महात्मा फुले' आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून नुसता ऐकला. दोघांनाही राष्ट्रपतींचे पदक, परंतु एक घराघरात गेला आणि दुसरा कपाटात. गंमत अशी की २०२५ च्या यादीतही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून 'श्यामची आई' च आहे. अर्थात तो नवा, २०२३ चा.

म्हणजे पुरस्काराने सगळे होते असेही नाही. याचा सर्वांत कडू अनुभव आपल्याला बाबासाहेबांवरच्या चित्रपटाने दिला. जब्बार पटेल दिग्दर्शित 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या इंग्रजी चित्रपटाला १९९८ सालचे तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. इंग्रजीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट, कलादिग्दर्शनासाठी नितीन देसाई आणि अभिनयासाठी केरळचे मामुट्टी. चित्रपटासाठी सरकारी पैसा लागलेला. तरीही लोकांना तो पाहायला मिळायला २००० साल यावे लागले, आणि तामिळ आवृत्ती तर २०१० च्या अखेरीस चित्रपटगृहात लागली. आम्ही तो पाहिला तो हिंदीतून, सीडीवर, विहारात पांढरी चादर बांधून. मध्येच सीडी अडकायची. पोरे ती काढून धोतराला पुसून परत लावायची. महाडच्या तळ्याचा प्रसंग आला तेव्हा आमच्या शेजारच्या आजीबाईंनी बसल्या जागी हात जोडले. मामुट्टींना पुरस्कार मिळाल्याचे त्यांना कुणी सांगितले नव्हते. परंतु विहारातल्या पोरांना तो चित्रपट आहे हे कळले कसे? पुरस्काराच्या बातमीतूनच. ती बातमी कापून एकाने तीन वर्षे जपून ठेवली होती.

'कोर्ट' चे आणखी वेगळे. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला २०१५ साली देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले आणि त्याच वर्षी भारताकडून तो ऑस्करसाठी गेला. गटारात उतरलेल्या एका कामगाराच्या मृत्यूसाठी एका म्हाताऱ्या लोकशाहिराच्या गाण्याला जबाबदार धरतात, त्या खटल्याची ती गोष्ट. त्यातले नारायण कांबळे झाले आपल्या नागपूरचे वीरा साथीदार. 'विद्रोही' चे संपादक, चळवळीतला माणूस, नट नव्हेच. चेहरा पाहिला की वाटे, हे तर आपल्या विहाराच्या पायरीवर बसलेले काकाजी! अभिनयाचा पुरस्कार त्या वर्षी कन्नडच्या संचारी विजय यांना गेला. परंतु सुवर्णकमळाची बातमी आली तेव्हा ज्यांनी वीरा साथीदारांचे नाव कधी ऐकले नव्हते अशा वर्तमानपत्रांना ते छापावे लागले. १३ एप्रिल २०२१ रोजी, जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने ते गेले. त्या जयंतीला ना मिरवणूक निघाली, ना व्हिडिओ लागला.

'फँड्री' तला सोमनाथ अवघडे हा सोलापूर जिल्ह्यातला हलगी वाजवणारा मुलगा. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा पुतणी पहिलीत होती आणि "हा आपल्यासारखा दिसते" एवढेच म्हणाली होती. आम्हाला ते पुष्कळ वाटले.

दुसरी बाजूही पाहावी. 'जय भीम' हा तामिळ चित्रपट २०२१ मध्ये मोबाईलवर आला. १९९३ मधल्या खऱ्या खटल्यावरचा. माजरीत ज्याच्या मोबाईलवर तो होता त्याच्या भोवती दहा डोकी जमत होती. त्या वर्षीचे राष्ट्रीय पुरस्कार २०२३ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाले, त्यात 'जय भीम' ला एकही नाही. आमचे बंधू, ज्यांना पुरस्काराचे काही नसते, तेच त्या दिवशी सर्वांत जास्त संतापले होते! ही आठवण आम्ही परवा त्यांना करून दिली.

"ते वेगळं," ते म्हणाले.

वेगळे कसे? न मिळाल्याचा राग येतो, तर मिळते तेव्हा कुणाला मिळाले हे वाचायला नको का? आमचे म्हणणे एवढेच की समारंभ खुशाल सोडा. लाल गालिचा, कुणाचे कपडे, कोण कुणाशेजारी बसले, हे ज्यांचे त्यांच्यापाशी. पण यादी वाचा, खालपर्यंत वाचा. टीव्हीवाले वरची तीन नावे सांगतात आणि थांबतात. पहिल्या चित्रपटाचा दिग्दर्शक, लघुपट, माहितीपट, बालकलाकार ही नावे खाली असतात आणि आपली माणसे बहुधा तिथेच सापडतात. नागराज मंजुळे यांचे नाव राष्ट्रीय यादीत पहिल्यांदा आले ते 'पिस्तुल्या' या लघुपटामुळे. 'फँड्री' आणि 'सैराट' नंतरचे. २०१८ मध्ये ठराविक पुरस्कारच राष्ट्रपती देतील आणि बाकीचे मंत्री देतील असे ठरले, तेव्हा पन्नासच्या वर कलावंत समारंभाला गेलेच नाहीत. ज्यांची नावे टीव्हीवर येत नाहीत त्यांच्यासाठी तो एक क्षणच काय तो असतो, हे त्यावरून कळते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर पुतणीने मोबाईलवर पूर्ण यादी काढली आणि वहीत उतरवून घेतली. शाहरुखपासून सुरुवात करून ती खाली खाली येत गेली आणि एका नावाशी थांबली. 'आत्मपॅम्फ्लेट', दिग्दर्शक आशिष बेंडे, पहिल्याच चित्रपटासाठी पुरस्कार. मुंबईत वाढणाऱ्या एका दलित मुलाचे शाळकरी प्रेम, आणि भोवताली ऐंशी-नव्वदच्या दशकांतला बदलता देश, असे काहीसे ते कथानक असल्याचे तिने वाचून दाखवले. २०२३ च्या ऑक्टोबरात तो चित्रपटगृहात लागला होता. आमच्या भागात लागला की नाही, हे आम्हाला त्या वेळी कळलेही नाही. पुरस्कार मिळाला नसता तर अजूनही कळले नसते.

बंधू डोळे मिटून पडले होते. सकाळी पुन्हा पहिली पाळी. आम्हाला वाटले झोपले.

"ते पोराचं पिच्चर," ते डोळे न उघडता म्हणाले, "कुठं भेटल पाहाले?"

"पाहून सांगतो, बाबा."

"आता नाई. रविवारी लाव. विहारातल्या पोराईलेही सांग."