देवळालीची छावणी, अमेरिकन चाकू आणि पुराव्याची धार

१/ जुना लष्करी चाकू हाती आला की त्याच्याबरोबर एखादी शूरकथाही हाती येते. नाशिकलगतच्या देवळालीत तर अशा कथांना पोषक भूमी आहे. कारण अमेरिकन सैनिक येथे खरोखरच राहून गेले आहेत. परंतु घटना खरी असली म्हणजे तिच्या नावाने विकली जाणारी प्रत्येक वस्तू खरी ठरत नाही.

२/ प्रथम घटना. ३१ ऑक्टोबर १९४३ रोजी ‘लुरलाइन’ हे जहाज मुंबई बंदरात आले. त्यातून सुमारे ३,००० अमेरिकन स्वयंसेवक सैनिक उतरले. त्यांचा पहिला मुक्काम देवळालीच्या ब्रिटिश छावणीत पडला. नोव्हेंबरातच ते आजच्या ललितपूर जिल्ह्यातील देवगडकडे जंगलयुद्धाच्या प्रशिक्षणासाठी रवाना झाले.

३/ हीच ती ५३०७ क्रमांकाची संमिश्र तुकडी, जी पुढे ‘मेरिल्स मरॉडर्स’ या नावाने गाजली. फेब्रुवारी १९४४ मध्ये ती लेडोहून पायी ब्रह्मदेशात शिरली. १७ मे रोजी मिचिनाचा विमानतळ हाती आला. रोग, उपासमार आणि लढाई यांनी तुकडी इतकी खिळखिळी झाली, की ऑगस्टमध्ये ती विसर्जित करावी लागली. देवळालीचा वाटा काही दिवसांचाच. पण तो निर्विवाद आहे.

४/ आता चाकू. त्या काळच्या अमेरिकन सैन्यात घडीचा चाकू हे शस्त्र नव्हते, अवजार होते. संदेशवहन दलाच्या ‘टीएल-२९’मध्ये दोनच पाती असत: एक कापण्याचे आणि दुसरे पेचकसाचे. पेच फिरवताना हे दुसरे पाते मिटून बोटे चिमटू नयेत म्हणून त्याला अडकण असे. विजेच्या तारेवरचे आवरणही त्यानेच खरवडले जाई.

५/ दुसरा प्रकार चार पात्यांचा: चाकू, डबा उघडणारे पाते, पेचकस आणि चामड्याला भोक पाडणारी आरी. कॅमिलस, अल्स्टर असे अनेक कारखाने हे चाकू बनवीत. कारखान्याचे नाव पात्याच्या मुळाशी ठोकलेले असे. संग्राहकाने भिंगाखाली पहिल्यांदा पाहायची जागा तीच.

६/ खरा घोटाळा येथे होतो. संपूर्ण पोलादी, बाजूंना चौकटीदार खवले आणि त्यांवर ‘यू.एस.’ ही अक्षरे, असा चाकू आज सर्वाधिक ओळखीचा आहे. पण हा पोलादी घाट युद्धाच्या अखेरीस आला आणि नंतर अनेक दशके बनत राहिला. पुढच्या काळातील पात्यांवर तर निर्मितीचे वर्षच कोरलेले आढळते. असा चाकू १९४३ च्या देवळालीतला म्हणून दाखवला, तर चाकू स्वतःच त्याविरुद्ध साक्ष देतो.

७/ देवळालीच्या परिसरात सापडण्याची अधिक शक्यता ब्रिटिश चाकूची. १८६१ पासून येथे ब्रिटिश सैनिक येत-जात राहिले. मायदेशीच्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने रखडले. त्यांच्या चाकूला दोरखंडाच्या गाठी सोडवणारी जाड, अणकुचीदार सळई असे. ‘६३५३/१९०५’ हा नमुना क्रमांक आणि सरकारी मालकीचा बाण ही त्याची खूण. मात्र १९०५ हे नमुन्याचे वर्ष आहे, चाकूच्या निर्मितीचे नव्हे.

८/ कोणी म्हणेल, कथेने वस्तूत जीव येतो. थोडी अतिशयोक्ती झाली तर बिघडले कुठे? बिघडते ते असे: पहिला खोटा चाकू उघडा पडला, की त्या तुकडीच्या देवळालीतील वास्तव्यावरही लोक शंका घेऊ लागतात. बनावट पुरावा खऱ्या इतिहासाचीच पत घालवतो.

९/ म्हणून मौखिक आठवणी फेकून द्याव्यात असे मुळीच नाही. ‘आजोबांना एका गोऱ्या सैनिकाने दिला’ हे वाक्य जसेच्या तसे, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून लिहून ठेवावे. मात्र ती आठवण आहे, असे तिच्यापुढे स्पष्ट नमूद करावे. आठवण आणि शिक्का या दोन वेगळ्या साक्षी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की दोन्ही निकामी होतात.

१०/ नाणेसंग्राहकांना हे नवे नाही. नाशिकजवळच अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. नाणे कोठे आणि कशासोबत सापडले याची नोंद हरवली, तर त्याची अर्धी वाचा बसते. चाकूलाही हाच न्याय लावावा. घासूनपुसून चकचकीत केलेल्या पात्यावरून शिक्का आणि झिजेच्या खुणा दोन्ही जातात. तेलाचा हलका हात पुरेसा आहे.

११/ कायद्याचेही भान हवे. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. खिशातले चाकू त्याहून लहान असले, तरी पोलिसांचे मनाईआदेश लागू असताना ते बाळगून हिंडणे अंगलट येऊ शकते. शिवाय १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरू शकते. पहिल्या महायुद्धातील चाकूंनी ती वयोमर्यादा केव्हाच ओलांडली आहे.

१२/ सारांश, संग्रहाची थोरवी चाकूंच्या संख्येत नाही आणि त्यांच्या किमतीतही नाही. ज्याच्या वहीत दहा चाकूंच्या प्रामाणिक नोंदी आहेत, तो शंभर दंतकथा बाळगणाऱ्यापेक्षा इतिहासाची अधिक सेवा करतो. एखाद्या चाकूपुढे ‘मूळ अज्ञात’ असे लिहावे लागले, तर त्यात कमीपणा कसला? पुढच्या अभ्यासकाला शोध तेथूनच सुरू करता येतो.