तंबूंतील चित्रपट आणि आमची छडी

जत्रेंतील तंबूंत चित्रपट पाहून आलेल्या एका विद्यार्थ्यास आम्हीं पूर्वीं छड्या मारल्या होत्या. तिकिटाचे पैसे आपण ओझीं वाहून मिळविले, असें तो सांगत होता. आम्हीं त्यास चोर ठरविलें. तो पुन्हां शाळेंत आला नाहीं.

परवां मोशीच्या घरीं नातवंडांसमवेत तोच चित्रपट, १९५४ चा ‘बूट पॉलिश’, पाहिला. बेबी नाझ व रतनकुमार यांनीं रंगविलेलीं दोन पोरकीं भावंडें. चुलती त्यांना मारून भीक मागावयास धाडते, आणि डेव्हिड यांचा जॉनचाचा श्रमानें जगावयास शिकवितो. पै-पैसा सांठवून तीं पोरें ब्रश विकत घेतात, तेव्हां आमची मान खालीं गेली.

अमेरिकेंत त्याच दशकांत वाट चुकलेल्या तरुणांचे स्वस्त चित्रपट लोक मैदानांत मोटारींत बसून पाहत. आपल्याकडे मैदान तेंच, मोटारीऐवजीं तरट. असल्या करमणुकीस थिल्लर म्हणून आम्हीं जन्मभर नाकें मुरडलीं. परंतु मूल बिघडतें तें पडद्यामुळें, कीं मोठ्यांच्या अविश्वासामुळें? वाचकहो, छडी उचलण्यापूर्वीं पोराचें म्हणणें एकवार ऐकून घ्यावें. आम्हांस हें साठी उलटल्यावर कळलें.